मरणाची तालीम

आमचे घरमालक दरवर्षी पंधरा दिवस मरायचे.

हे मी गमतीनं सांगत नाही. त्यांनीही ते कधी गमतीनं केलं नाही. भाद्रपदात पितृपंधरवडा लागला की ते कापडी पिशवीत दोन जोड कपडे, पंचा आणि दाढीचं सामान भरायचे. पैशाचं पाकीट, मनगटावरचं घड्याळ आणि कपाटाच्या किल्ल्या देवळीत काढून ठेवायचे, आणि तिकिटापुरते पैसे घेऊन गगनबावड्याच्या एस.टी.त जाऊन बसायचे. तिथं त्यांचे नोकरीतले एक जुने स्नेही राहायचे. निघताना बायकोला एवढंच सांगायचे, “निघालो. आता मी न्हाय असं समज आणि घर चालीव.” त्या पंधरवड्यात त्यांना पत्र घालायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. घरात काहीही होवो.

“मेलेल्या माणसाला कुणी फोन लावतं का?” असं ते विचारायचे. 

त्यांच्यात खरं तर म्हाळ घालायची पद्धत नव्हती. लिंगायत घर. पण पंधरवडा त्यांनी मुद्दाम तोच निवडला होता. त्या दिवसांत कुणी लग्न ठरवत नाही, कुणी जागा घेत नाही, दुकानाचा नारळ फोडत नाही. म्हणजे मरायला सवड असते, असं त्यांचं म्हणणं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आक्का. आम्ही त्यांच्याकडं नव्वदच्या दशकात राहायला गेलो. मी कऱ्हाडची, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. मिस्टर शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर होते आणि मला नुकतीच एका शाळेत नोकरी लागली होती. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या गल्लीत वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून आम्ही बघायला गेलो. रस्त्याकडच्या खोलीत लोखंडी कॉटवर अण्णा ताठ बसले होते. कपाळाला विभूती, पांढरा सदरा, हातात अडकित्ता. त्यांनी मिस्टरांना काही विचारलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, ह्यांचा पगार किती?”

मी हसले. “ते बघतात सगळं.”

“मग खोली मिळायची न्हाय.”

मिस्टर म्हणाले, “अहो अण्णा, भाडं आम्ही वेळेवर देऊ.”

“भाड्याचं कोण बोलतंय, पावणं? उद्या तुमाला फौंड्रीत काय झालं, तर ही पोरगी माझ्या दारात बसून रडणार. मला काय म्हाईत न्हाय म्हणणार. मला ते बघायचं न्हाय. जावा, हिला सगळं सांगा, आणि उद्या या. नुसता पगार न्हाय. विमा, कर्ज, गावाकडची जमीन, भावाला दिलेलं उसनं, सगळं.”

आम्ही तिथून निघालो ते रंकाळ्यावर जाऊन बसलो. मिस्टर आधी चिडले होते. मग हळूहळू सांगायला लागले. कॉलेजच्या वेळी काढलेलं कर्ज अजून फिटत होतं, हे मला तेव्हा कळलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. लग्नानंतर इतकं खाजगी बोलणं आमच्यात तोवर झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अण्णांपुढं धडाधडा सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, किल्ली दिली आणि म्हणाले, “मटण करत असशीला तर खिडकी लावून करा. बाकी माझं काय म्हणणं न्हाय.”

अण्णांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर गेली होती. नवरा गेल्यावर बायका तिथं यायच्या. त्यांच्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच, जिन्यात बसून सुपारी कातरताना म्हणाले होते, “मी बाईला विचारायचो, मालकांची जन्मतारीख? बाई माझ्यासमोर आणि उत्तर मागनं यायचं. मागं दीर उभा. खातं कुठल्या बँकेत? दीर. घर कुणाच्या नावावर? दीर. बाई नुसती माझ्या तोंडाकडं बघणार. आयुष्यभर माझ्यासमोर हेच चाललं. मग मी ठरिवलं, माझ्या घरातली बाई असं बघणार न्हाय.”

गल्लीत त्यांना कुणी फारसं जवळ करत नसे. करणार कसं? तालमीच्या कट्ट्यावर चार माणसं निवांत बसलेली असली की हे जाऊन विचारायचे, “आत्ता इथं पडलास तर घरात कुणाला काय म्हाईत हाय का?” फुटबॉलची मॅच जिंकून पोरं गुलाल उधळत यायची, आणि हे एखाद्या खेळाडूच्या बापाला गाठून विम्याचं विचारायचे. पोरांनी त्यांना ‘यमाचा क्लार्क’ असं नाव ठेवलं होतं. लग्नाच्या आहेरात ते भांडं देत नसत. नवरीच्या नावानं बँकेत खातं काढायचा कोरा फॉर्म, त्याला टाचणीनं लावलेली पहिल्या भरण्यापुरती नोट, आणि वर अक्षता. एका वरबापानं तो आहेर भर मांडवात परत केला होता. अण्णांनी तो शांतपणे खिशात घातला आणि पंगतीला बसून पोटभर जेवले.

घरातही तसंच. पेन्शन आली की रक्कम देवापुढं ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. कुणाला काय हवं ते प्रत्येकानं बोलायचं. पण जास्त मागितलं की अण्णा विचारायचे, “देतो. कुणाचं कमी करू?” ज्याला हवंय त्यानंच ते सांगायचं. आक्का सांगायच्या, त्यांच्या मुलानं शाळेत असताना फुटबॉलचे बूट मागितले होते. अण्णांनी विचारलं, कुणाचं कमी करू? पोरगं म्हणालं, तुमच्या तंबाखूचं. आक्कांना वाटलं आता थोबाडीत बसणार. अण्णा उठले, चंची खिडकीतून बाहेर रिकामी केली, आणि बूट आणले. त्यानंतर तंबाखूला त्यांनी परत हात लावला नाही. सुपारी तेवढी राहिली. पण त्या पोराला शाबासकी दिली का, तर तीही नाही.

हे पंधरा दिवसांचं मरण आम्ही राहायला जायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. पहिल्या वर्षाचं आक्का मला सांगायच्या. आक्कांचं माहेर निपाणीच्या पलीकडं, कानडी मुलखात. शिक्षण कानडी शाळेत सातवीपर्यंत. बहिणीशी कानडीत बोलताना त्या खळखळून हसायच्या, मराठीत मात्र जपून, हळू बोलायच्या. “पहिल्या वर्षी मी पंधरवडा रडूनच काढला गं,” त्या म्हणायच्या. “लाईटबिल कुठं भरतात म्हाईत न्हाय. गॅस संपला तर नंबर कुठं लावायचा म्हाईत न्हाय. बँकेत गेलते तर तो क्लार्क म्हणाला, कानडी सही चालत न्हाय. तशीच घरी आले. मला वाटायचं, ह्यांना माझा कंटाळा आलाय, म्हणून जात्यात.”

अण्णा परत आले ते कॉटवर बसले आणि विचारलं, “काय काय आडलं?” आक्कांनी सगळं सांगितलं. अण्णा तसेच उठून बँकेत गेले आणि माणूस कुठल्याही भाषेत सही करू शकतो यावरून त्यांनी मॅनेजरशी असा वाद घातला की आक्कांची सही चालू झाली. घरी येऊन मात्र आक्कांनाच बोलले. “तू तिथं उभी का राहिली न्हाईस? न्हाय म्हणाला म्हणून परत यायचं?”

दरवर्षी हेच. आले की चौकशी, चौकशीनंतर बोलणी. बरं केलंस असं त्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मला तेव्हा अण्णांचा राग यायचा. इतकी काळजी, आणि तिचा आवाज असा.

आता ज्या वर्षाचं सांगते, तेव्हा आम्हाला तिथं राहून काही वर्षं झाली होती. अण्णांचा मुलगा इंजिनियर होऊन पुण्यात नोकरीला लागला होता आणि त्याला तिथं फ्लॅट घ्यायचा होता. अण्णांनी आयुष्यभराच्या बचतीतली अर्धी आपल्या नावावर आणि अर्धी आक्कांच्या नावावर ठेवलेली. आक्कांच्या नावावरची मोठी ठेव मुदत संपली की मुलाच्या फ्लॅटला द्यायची, असं घरात ठरलेलं होतं. म्हणजे अण्णांनी ठरवलेलं. मोठी मुलगी सांगलीकडं दिली होती. लग्नाआधी तिनं रक्त-लघवी तपासायचा डिप्लोमा केला होता, पण सासरी तिला काम करू दिलं नव्हतं.

अण्णा गगनबावड्याला गेले आणि दोनतीन दिवसांत ती रिक्षातून दारात उतरली. खांद्यावर झोपलेली लहान मुलगी, हातात एक बॅग. एका कानात सोन्याचं फूल होतं. दुसरा कान सुजलेला होता आणि पाळी फाटली होती. आक्कांनी काही विचारलं नाही. नातीला आत नेऊन निजवलं, पाणी तापवलं, आणि लेकीचा कान पुसत बसल्या.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं. अण्णांचे एक चुलतभाऊ शेजारच्या बोळात राहायचे, ते आले. म्हणाले, “वहिनी, हे बायकांचं काम न्हाय. अण्णाला बोलवा. सांगलीला जाऊन चार माणसं बसवू, मिटवू, आणि पोरीला घालवून येऊ.”

“ती जायची न्हाय,” आक्का म्हणाल्या.

“ते अण्णा ठरवील की.”

माझे मिस्टर मधे पडले. “मी स्कूटर काढतो आक्का. संध्याकाळपर्यंत घेऊन येतो.”

ते चप्पल घालत होते तोवर आक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“कुणाला आणायला चाललाय?”

“अण्णांना.”

“ते न्हाईत,” आक्का म्हणाल्या. “ते मेल्यात.”

आवाज चढलेला नव्हता. पण मिस्टरांनी घातलेली चप्पल काढली. चुलतभाऊ काहीतरी पुटपुटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. आक्का पावती घेऊन माझ्या दारात आल्या. “बँकेत चल माझ्याबरोबर. बोलायचं मीच. तू नुसती उभी ऱ्हा.”

बँकेतले साहेब ओळखीचे होते. पावती बघून म्हणाले, “आक्का, मुदत संपायला थोडंच राहिलंय. आता मोडली तर व्याज बुडेल. अण्णांना विचारलंय का?”

“ठेव कुणाच्या नावावर हाय?”

“तुमच्या.”

“मग मलाच विचारा की.”

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितल्याप्रमाणं नुसती उभी राहिले.

पुढचे दिवस आमचं घर ओळखू येत नव्हतं. आक्कांना त्या पैशात लेकीला रक्त-लघवी तपासायचं काम घरातच काढून द्यायचं होतं. एक म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करत होते, त्यांच्याकडचा जुना मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं यंत्र आणि लहान फ्रिज आक्कांनी विकत घेतला. गल्लीतल्या डॉक्टरांनी पेशंट पाठवायचं आणि रिपोर्ट तपासून सही करायचं कबूल केलं. राहता राहिली जागा. आक्कांनी रस्त्याकडची खोली रिकामी केली. अण्णांची कॉट, त्यांचा रेडिओ, त्यांची खुर्ची, सगळं मागच्या पडवीत नेलं आणि खोलीला चुना मारून घेतला. शेजारणी म्हणाल्या, पितृपंधरवड्यात कुणी असं नवीन काढतं का? आठ दिवस थांबा, घटस्थापनेला सुरू करा. मलाही ते पटत होतं. मी तसं बोलले.

आक्का चुन्याच्या बादलीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. म्हणाल्या, “पंधरवडा संपला की ते येतील. ते आले की मग माझ्यानं व्हायचं न्हाय. काय करायचं ते ह्यातच.”

ज्या दिवशी अण्णा आले, त्या दिवशी मी नेमकी जिन्यात होते. पिशवी खांद्याला, धोतर ओलं, पायात चिखल. दारावरची नवी पाटी त्यांनी वाचली. आत बघितलं. टेबलावर मायक्रोस्कोप, मागं कानाला पट्टी लावलेली लेक, भिंतीला बाक, बाकावर बाटली घेऊन बसलेला कुणीतरी म्हातारा. तिथून ते सरळ आत स्वयंपाकघरात गेले.

“माझी खोली?”

“तुमी नव्हता,” आक्का म्हणाल्या.

“पोरगी अशी घरात आली, आणि मला निरोप न्हाय?”

“निरोप कुठं धाडायचा? तुमीच सांगून गेलता.”

“आणि हे सगळं कशातनं केलं?”

आक्कांनी सांगितलं. ठेव मोडली, असं ऐकल्याबरोबर अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “पोराच्या फ्लॅटची ठेव मोडलीस? कुणाला विचारून?”

“पोराची नव्हती ती. माझ्या नावावर होती. तुमीच घातली होती.” आक्का थांबल्या नाहीत. “तुमी खरंच गेला असता आणि ही अशी दारात आली असती, तर मी काय करावं असं तुमचं म्हणणं होतं? ते सांगा. तेवढंच सांगा.”

 अण्णांनी पिशवी उचलली, चिखलाच्या पायानं जसे आले तसे बाहेर पडले आणि परत गगनबावड्याला निघून गेले.

ते दिवस वाईट होते. मुलगा पुण्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर आईला काहीबाही बोलला. चुलतभाऊ गल्लीत सांगत फिरले की म्हातारीनं नवऱ्याला घराबाहेर काढलं. लेक म्हणायला लागली, अव्वा, मी जाते परत, माझ्यापायी तुमचं मोडायला नको. आक्का ताटावर बसायच्या आणि तशाच उठायच्या. एकदाच मला म्हणाल्या, “तिथं पाऊस लई असतो. एकच सुका जोड असंल त्यांच्याकडं.” पण निरोप त्यांनी तेव्हाही धाडला नाही.

आठवडा होऊन गेला असेल. सकाळी लेक खोली झाडत होती, तर अण्णा दारात. आत घरात न जाता बाकावर जाऊन बसले.

“अण्णा, आत तरी चला,” लेक म्हणाली.

“पेशंट हाय मी. उपाशीपोटी आलोय. घे रक्त.”

तिचे डोळे भरून आले, सुई धरलेला हात हलायला लागला. अण्णांनी बाही वर केली. “असा हात कापाय लागला तर गिऱ्हाईक परत येईल का तुझ्याकडं? बघ नीट. शीर तिथं हाय.”

तिनं रक्त घेतलं. यंत्र फिरवलं, रसायन घातलं, दोनदा बघितलं. मग आईला हाक मारली. अण्णांच्या रक्तात साखर होती, आणि चांगलीच होती. कितीतरी वर्षांची असणार. बारीक होत चाललेत, सारखे पाणी पितात, हे आम्ही सगळे बघत होतो आणि वयाचं म्हणत होतो.

आक्का दाराशी येऊन उभ्या राहिल्या. नवराबायको इतक्या दिवसांनी समोरासमोर. आक्का म्हणाल्या, “चहात साखर बंद.” आणि बिनसाखरेचा चहा करायला आत गेल्या. अण्णांनी लेकीकडून पावती मागून घेतली, देवळीतल्या पाकिटातले पैसे दिले, आणि पडवीतल्या कॉटवर जाऊन झोपले. पुढं मरेपर्यंत त्यांची जागा तीच राहिली.

त्या दिवाळीआधी त्यांनी मृत्युपत्र केलं. वकिलांनी मसुद्यात घर आक्कांना ‘तहहयात’ दिलं होतं, म्हणजे त्या जिवंत असेतोवर राहायचं आणि नंतर अण्णा म्हणतील त्याला. नेहमीचीच पद्धत होती ती. अण्णांनी तो शब्द खोडायला लावला. वकील म्हणाले, “अण्णा, बाईमाणूस आहे. कुणी फसवलं तर?” अण्णा म्हणाले, “फसू दे. मेल्यावर परत मीच मालक कशाला? तिला दिलं म्हणजे दिलं. ती विकंल, ठेवंल, न्हाय तर वाटून टाकंल.”

दिवाळीला मुलगा आला तेव्हा त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. घर आक्कांचं. मुलाला त्यात काही नव्हतं. तो म्हणाला, “म्हणजे मी ह्या घरातला कोण?”

“तू इंजिनियर. तुझं तुला शिक्षणात दिलं. हिला लग्नात दिलं म्हणालो होतो, ते वाया गेलं.”

मुलगा भाऊबीजेला थांबला नाही. पुढं बरीच वर्षं तो कोल्हापूरला आला नाही. अण्णा रविवारी त्याला फोन लावायला कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये जायचे. तो बूथवाला मिस्टरांना सांगायचा, “दोघंबी बोलत न्हाईत ओ. मीटर पळत असतंय. पण फोन ठेवत न्हाईत.”

पुढच्या भाद्रपदात अण्णांनी पिशवी भरली नाही. आक्कांना म्हणाले, “औंदा तू जा. बहिणीकडं. मला घरातलं काय येतं ते बघू.” आक्का निपाणीच्या गाडीत बसल्या. अण्णांनी आमटी केली ती आम्हाला वर आणून दिली. मिठाचा खडा नव्हता तिच्यात. दुसऱ्या दिवशी मीठच मीठ. कुकरची शिट्टी कशी लावायची, हे ते नातीला विचारत होते. कुठल्या डब्यात काय आहे, दूधवाल्याला किती सांगायचं, लेकीला मासिक त्रासात काय करून द्यायचं, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. वर येऊन मला म्हणाले, “मीच पहिला मरणार असं कुणी सांगितलं होतं मला? मी धरूनच चाललो.” आक्का पंधरा दिवस राहिल्याच नाहीत, लवकर आल्या. अण्णा ओरडले नाहीत.

आम्ही नंतर गावाबाहेर स्वतःचं घर बांधलं, पण जाणंयेणं राहिलं. लेकीचं काम चांगलं चाललं. अण्णांची मूत्रपिंडं मात्र साखरेनं निकामी होत गेली. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, तेव्हा अण्णांनी घरच्यांना बसवलं. आजारपणासाठी वेगळी ठेव त्यांनी केव्हाच करून ठेवली होती. म्हणाले, “ही संपली की थांबायचं. माझ्यावर किती घालायचं ते मी ठरिवणार.”

ठेव संपली. आक्कांनी कळंब्याकडं अण्णांनी मागं त्यांच्या नावावर घेतलेला प्लॉट विकला आणि उपचार चालू ठेवले. अण्णांना कळलं तेव्हा मी तिथंच होते. त्यांच्यात आता ओरडायची ताकद नव्हती. “माझ्यापायी सगळं घालवलंस तर मागं तू कशावर जगणार?”

“ते मी बघीन,” आक्का म्हणाल्या. “बघायची सवय तुमीच लावली. आणि मरणार तुमी असला तरी घर माझं बी रिकामं व्हणार हाय. तुमी एकट्यानं कसं ठरिवता?”

अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, “कितीला दिलास प्लॉट?” आक्कांनी सांगितलं. “बरं केलंस,” ते म्हणाले. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्यांना ते आक्कांना म्हणायचे होते की प्लॉटच्या भावाला, ते मला आजही सांगता येणार नाही. आक्का मात्र पडवीतून उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या प्लॉटच्या पैशावर अण्णा दोन पावसाळे जगले. त्या काळात मुलगा परत यायला लागला. शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याहून यायचा, बापाला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचा, शेजारी बसून राहायचा. घराचा विषय दोघांनी कधी काढला नाही.

अण्णा माघात गेले. जंगम स्वामी आले, विभूती, बेल, सगळं त्यांच्या पद्धतीनं झालं. बसवून मूठमाती दिली. आक्का रडल्या नाहीत. कुणाला काय द्यायचं, स्वामींना काय, गाडीवाल्याला काय, सगळं त्यांना ठाऊक होतं. पेन्शनच्या टेबलावर त्या एकट्या गेल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या. चुलतभाऊ सगळ्यांना सांगत होते, “बघा, अण्णानं कशी तयार केली होती बाईला. डोळ्यात पाणी न्हाय.” मला ते ऐकवत नव्हतं. मी बरेचदा आक्कांजवळ जाऊन बसायची. त्या कपड्यांच्या घड्या करत, बिलांचं बोलत.

वर्ष झालं आणि एक दिवस आक्कांचा फोन आला. “मृत्युपत्र करायचंय. तुझं नाव त्यात काय न्हाय, म्हणून साक्षीला तू चालतीस. गल्लीतल्या डॉक्टरला बी बोलावलंय.”

रिक्षात त्यांनी मला सांगितलं. खालचं घर आणि तपासणीची खोली लेकीला. वरचा मजला, आम्ही राहायचो तो, मुलाला.

“अण्णांना हे चाललं असतं?” मी विचारलं.

“नसतंच चाललं,” आक्का म्हणाल्या, आणि रस्त्याकडं बघत बसल्या.

नोंदणीच्या कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर आला. अधिकारी तरुण होते, अंगठे, फोटो, सह्या यांत बुडालेले. त्यांनी कागद पुढं ओढला आणि मान वर न करता नेहमीचं विचारलं, “आजी, हे तुम्ही तुमच्या मर्जीनं करताय ना? कुणाचा दबाव वगैरे?”

आक्कांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. अधिकाऱ्यांनी वर बघितलं आणि परत विचारलं, “कुणाचा दबाव आहे का?”

“होता एकाचा,” आक्का म्हणाल्या. “लई होता. ते गेले.”

आणि तिथंच, त्या खिडकीसमोर, मागं एवढी माणसं खोळंबलेली असताना, त्या रडायला लागल्या. वर्षभराचं सगळं एकदम. पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना.  डॉक्टर त्यांचा खांदा धरून उभे राहिले. अधिकारी गोंधळले. कागद बाजूला सारत मला म्हणाले, “असं असेल तर मला नोंद करता येणार नाही. त्यांना घरी घेऊन जा. बरं वाटलं की परत या.”

मी आक्कांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि कागद ओढून परत आपल्यासमोर घेतला.

“थांबा जरा साहेब,” त्या म्हणाल्या. “रडून घेते, मग सही करते. मर्जी माझीच हाय.”